दोन कारखाने, एक नाला

तीर्थस्वरूप मामा,

वाकून नमस्कार. (अर्धाच समजा, कंबर धरली आहे, कारण पुढे येतं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून तुमच्यापासून साखरेचा डबा लपवतात का?

माझं म्हणाल तर पर्यावरण खात्याला विटलोय. आमच्या हद्दीत कापड रंगवणारे दोन कारखाने एकाच नाल्यावर आहेत. एक शरियतच्या नियमांनी चालतो: व्याजाचं कर्ज नाही, दारू-जुगाराशी व्यवहार नाही, आणि हे तपासायला एक वयस्कर मौलवीसाहेब. दुसरा चारचौघांसारखा, बँकेच्या कर्जावर. पहिल्याच्या संचालक मंडळावर एक माजी मंत्री, दुसऱ्याच्या मंडळावर त्यांचे जावई. नाल्याच्या खालच्या अंगाला लाँड्रीवाल्या बाईंच्या पांढऱ्या चादरी हिरव्या होतात (दोन हॉटेलांनी त्यांचं काम बंद केलं), आणि दोन्ही कारखाने एकमेकांकडे बोट दाखवतात.

मी नाल्यात वाकून दोघांच्या पाइपांखाली बाटल्या भरल्या. कंबर तिथेच गेली. निकाल आला, दोन्हीकडे सारखीच घाण. आमचे साहेब म्हणाले, बाटल्या उन्हात तापल्या असतील, पुन्हा भर. तीनदा भरल्या. तिसरा निकाल यायच्या आत दोघांना हरित पुरस्कार जाहीर झाला आणि मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं (अक्षर चांगलं असल्याची शिक्षा).

मौलवीसाहेब मात्र स्वतः नाल्यावर आले. बाईंची एक चादर उलगडून बराच वेळ पाहत राहिले. मॅनेजर म्हणाला, पाण्याचं माजी मंत्री बघतात, तुम्ही व्याजाचं बघा.

"व्याज मला कागदात शोधावं लागतं," ते म्हणाले. "हे तर नुसत्या डोळ्यांना दिसतंय."

कारखाना शरियतप्रमाणे चालतो, या वार्षिक दाखल्यावर त्यांनी सही केली नाही. गुंतवणूकदार बिथरले आणि दीड महिन्यात त्या कारखान्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं. जावईबापूंकडे सही अडवणारं कोणी नाही, त्यामुळे तिथे फक्त मानपत्राची फ्रेम बसली. चादरी अजून हिरव्याच निघतात, जरा फिक्या एवढंच.

तुमचा,
वैतागलेला भाचा

ता. क. जावईबापूंच्या कारखान्याची नोटीस माझ्या टेबलावर आहे, फक्त माझी सही बाकी आहे. काल माजी मंत्री ऑफिसात आले आणि एवढंच विचारून गेले, "मामा बरे आहेत ना?" (माझ्या नोकरीसाठी तुम्ही ज्यांना फोन केला होता, ते हेच.) पेन खिशातच राहिलं. तेव्हा मामा, त्यांना कळवा की भाच्याशी आपण संबंध तोडले. कारण काहीही सांगा, मी कबूल करीन.

ता. क. २. फोन पुढल्या महिन्यात करा. या महिन्यात बदल्यांची यादी निघतेय आणि तिथे अजून त्यांचाच शब्द चालतो.