वीस मिनिटं गप्प बसण्याची गोष्ट

ती. वन्सं यांना वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवा. इकडे सगळं खुशाल, म्हणजे तुमचे भाऊ खुशाल. माझं काय झालं ते पुढे सांगते.

यांच्या कानांना नवं यंत्र घेतलं. तीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात काढल्यावर कान राहणार कुठून? लग्न झाल्यापासून या माणसाशी एक वाक्य म्हणून मी हळू बोललेली नाही. (आमच्या घरातली गुपितं सगळ्या गल्लीला पाठ आहेत.) वाटलं, आता तरी चारचौघींसारखं साध्या आवाजात बोलता येईल. यंत्र बसवायला पांढऱ्या कोटातली एक मुलगी आली. म्हणाली, काकू, हे नुसतं आवाज वाढवणारं डबडं नव्हे, हे विचार करतं. फ्रिजची घरघर, पंखा, गळका नळ, असे घरातले नेहमीचे आवाज वीस मिनिटं ऐकून शिकतं आणि मग तेवढे गाळून टाकतं. त्या वीस मिनिटांत बोलायचं मात्र कुणी नाही.

आता तुम्हीच सांगा, मी बोलले असेन का? मी फक्त यांना बजावत होते की बोलू नका. मग नळ कधीपासून गळतोय ते सांगितलं, यंत्राला कळायला नको? त्यावरून प्लंबरचा विषय निघाला, त्याला माझा इलाज नव्हता. ती मुलगी सारखी तोंडावर बोट ठेवत होती. मला वाटलं दात दुखतोय, म्हणून दोन औषधंही सुचवली.

झालं! यंत्राने मला फ्रिजच्या पंगतीत बसवलं. यांना आता पालीची चुकचुक ऐकू येते, बातम्यांतल्या बाईचा शब्दन् शब्द कळतो. मी तोंड उघडलं की चेहऱ्यावर नुसती समाधी! वर मलाच सांगतात, "घर किती शांत झालंय गं!" मी चिठ्ठ्या लिहून कळवते.

हसू नका, वन्सं. मला खरंच रडू आलं. जन्मभर घसा फोडला, आणि आता या माणसाला सगळं जग ऐकू येतंय, एक मी सोडून.

तुमची भावजय

ता. क. यंत्राला पुन्हा शिकवता येतं. मंगळवारी ती मुलगी यायच्या आधी मी मुद्दाम बाहेर जाऊन बसले. तासाभराने परतले तर ती पर्स मांडीवर घेऊन ताटकळलेली आणि हे दारात उभे. तिला म्हणत होते, "इतक्यात नको. घरात नेहमीचा आवाज कुठाय? ही आली की सुरू करू." मला इतकं भरून आलं, की मी तिथेच बोलायला लागले. आणि मला दारात पाहताच तिने बटण दाबलेलं होतं.

ता. क. २. ती मुलगी येत्या गुरुवारी सकाळी पुन्हा येणार आहे, म्हणून तुम्ही याच. मी बाहेर जाईन, तुम्ही वीस मिनिटं बोला. तुमच्याइतकं सलग बोलणारं आपल्यात दुसरं कोण आहे? यांना घर भरल्यासारखं वाटेल आणि यंत्राचंही काम होईल. नंतर तुमचा आवाज तेवढा त्यांना ऐकू येणार नाही. पण वर्षातून आठ दिवसांचाच तर प्रश्न. मी ऐकेन ना.