नापासांचा सत्कार

१९ मे

एकही नाही! बारावीचा निकाल लागून दोन आठवडे झाले, ॲडमिशनचे ऐन दिवस, आणि 'मुकुंद मॅथ्स'च्या दारात एक पोट्टं नाही. समोरच्या रसवंतीवर मात्र रांग. वीस वर्षं या पांढुर्ण्यात गणित शिकवतोय मी! लोकांना माझी छडी आठवायची हे खरं, पण निकालही आठवायचे.

आणि कारण काय, तर फळा. यंदा पोरं जरा जास्तच नापास झाली. खापर माझ्यावर फुटू नये म्हणून क्लासबाहेरच्या फळ्यावर नापासांची नावं लिहिली आणि नावापुढे कोण किती दिवस गैरहजर ते. त्यात चूक काय? गावाला हिशेब नको? पण गाव फळ्याचा फोटो काढून फिरवत बसलं. फळ्यावरच्याच एका नापासाची, सुमेधची आई, यमुनाबाई, अंगणवाडीत असते, ती तर दारात येऊन बोलून गेली : "पोरगं नापास झालं तं घरी रडून राहिलं होतं, सर. तुम्ही त्याले चौकात रडवलं."

मी म्हटलं, गणितात रडला असता तर पास झाला असता. अनुराधा आतून म्हणाली, "अहो, पुरे."

२१ मे

भाचा आला नागपूरहून. अक्षय. जाहिरातीच्या कंपनीत आहे, केस मानेपर्यंत. फळा पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणे, "मामा, तुमचा ब्रँड पार बसला. आता नुसती जाहिरात चालत नाही. परपज पाहिजे परपज!"

म्हटलं, मराठीत सांग.

"म्हणजे समाजासाठी काहीतरी करून राहिलो असं दिसलं पाहिजे. आता साबणवाला साबण विकत नाही मामा, तो समाज सुधारतो."

मग साबण कोण विकतो?

"तोच. वाढीव भावानं."

पोरगं हुशार आहे. त्याची कल्पना अशी की ज्यांची नावं फळ्यावर लिहिली त्यांचाच सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, हार, सगळं. वर घोषवाक्य : 'निकाल कागदाचा, माणसाचा नाही.' ऐकून मला हसूच फुटलं. पण मग विचार केला. आपल्या गावात सत्कार न झालेला माणूस शोधावा लागतो. रिटायर झाला सत्कार, बदली झाली सत्कार, बदली रद्द झाली तरी सत्कार. राहिले होते फक्त नापास.

२२ मे

अनुराधा : "आधी फळ्यावरची नावं तरी पुसा." — पुसली.

२ जून

काल सत्कार झाला. मंगल कार्यालय गच्च! आयुष्यात कधी माझ्यासाठी एवढ्या टाळ्या वाजल्या नाहीत.

सुरुवातीला पोरं स्टेजवर यायला तयार होईनात, खाली मान घालून बसली. मग पहिल्याच्या गळ्यात हार पडला, बॅण्डवाल्यानं धून वाजवली आणि सगळ्यांना जोर आला. पुढे पुढे तर आवरेनात. एका बापानं मला बाजूला घेतलं, "सर, आमचा दोन विषयांत गेला, हा पोट्टा एकाच विषयात. मग त्याची शाल भारी कशी?" एक जण तर चक्क पास झालेला निघाला, नारळासाठी रांगेत घुसला होता. त्याला हाकलून दिलं. पास कुठला!

मी भाषण केलं. म्हणालो, "गुण म्हणजे माणूस नव्हे." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं! पहिल्या रांगेत धनश्री बसली होती, माझी लेक, यंदा बारावीत जाणार. टाळ्या वाजवायचं विसरून माझ्याकडे पाहत राहिली.

५ जून

रील काढली. अक्षयनं सांगितलं की सुमेधला जवळ बसवायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि एक गणित समजावायचं. फोन धनश्रीनं धरला. पहिल्यांदा माझा हात पाठीवर असा पडला की पोरगं दचकलं. अक्षय ओरडला, "मामा, माया पाहिजे, माया!" पुन्हा. मग पुन्हा.

कितव्यांदा कोण जाणे, सुमेधला गणित खरंच सुटलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "आलं सर!" आणि हसला. मी पुढचं वाक्य विसरलो. वीस वर्षांत पोरं 'आलं सर' म्हणून हसली नसतील असं नाही. मी त्या वेळी फळ्याकडे तोंड करून असेन.

धनश्री अक्षयला म्हणाली, "दादा, हेच ठेव. हे कापू नको."

१४ जून

बॅच भरली! दुसरी उघडली. बोरगावहून येऊन राहिली पोरं, सौंसरहून येऊन राहिली. सौंसरच्या क्लासवाल्यानं माझी खिल्ली उडवली म्हणतात, 'नापासांचे सर' म्हणाला. अक्षयनं तेच उचलून फ्लेक्सवर टाकलं. आता बसस्टँडवर मी आहे, सुमेध आहे, त्याच्या खांद्यावर माझा हात आहे आणि खाली मोठ्या अक्षरात 'नापासांचे सर'. फी वाढवली. कोणी हूं की चूं केलं नाही.

२५ जुलै

सुमेध बोर्डाच्या दुसऱ्या, नापासांसाठीच्या परीक्षेत पास झाला. पेढे घेऊन आला. मला बरं वाटलं, खरंच वाटलं. लगेच अक्षयला फोन केला, म्हटलं गावभर लावू!

अक्षय म्हणाला, "मामा, पास झालेला सुमेध आपल्या कामाचा नाही. ते सगळेच क्लासवाले दाखवतात. आपला सुमेध नापासच बरा."

मुद्दा बिनतोड आहे.

३ ऑगस्ट

यमुनाबाई पुन्हा आली. "सर, पोट्टं पास झालं ना आता. त्याचा तो फोटो काढा बसस्टँडवरून. कॉलेजात जाते तं पोरं त्याले 'नापास' म्हणून हाका मारतात. सुमेध म्हणतच नाही कोणी."

मी तिला समजावलं की हा पोरगा आज हजारोंना आधार देतो आहे. बाईला समाजकार्याचं काही पडलेलं नाही. फ्लेक्सचा करार वर्षाचा आहे, मी तरी काय करू?

चहा न घेता गेली.

पोळ्याचा दुसरा दिवस

अक्षय म्हणत होता की सावरगावच्या पुलाजवळ आपला फ्लेक्स लावू, आज गोटमारीला, दगडफेकीच्या जत्रेला, दोन्ही काठांवर सगळं गाव असतं. नको म्हटलं. डोकं फुटेस्तोवर उभ्या राहणाऱ्यांना पास-नापास कोण सांगणार?

१६ नोव्हेंबर

छिंदवाड्याला सत्कार. माझा! 'संवेदनशील शिक्षक.' शाल घरी आणली तेव्हा धनश्रीनं ती हातात घेऊन पाहिली. म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांशी असेच बोलता का आता? क्लासमध्ये?" हो म्हटलं. म्हणाली, "मग मी पण क्लासमध्ये बसू का? घरी शिकण्यापेक्षा?"

काहीतरीच. सरांची पोरगी नापासांच्या बॅचला!

११ जानेवारी

धनश्रीची सराव परीक्षा. गणितात पहिली नाही आली, तिसरी आली. वही भिरकावली मी. भिंतीला लागली, तिला नाही.

म्हणाली, "सुमेधला तर जवळ बसवून समजावलं होतं."

म्हटलं, सुमेधला जिल्ह्यात पहिलं यायचं नव्हतं. तुला यायचं आहे. बाहेरचं बाहेर, घरचं घरी. रडली. अनुराधा तिला आत घेऊन गेली. यांना वाटतं मी दगड आहे. माझ्या पोरीनं कुठं कमी पडू नये एवढंच माझं आहे. त्यासाठीच सगळा जीव जाळून राहिलो ना?

४ मार्च

आज तिचा गणिताचा पेपर. घरी आली, "झाला" म्हणाली. पेपर मागितला, म्हटलं एकेक उत्तर तपासू. डोकं दुखतं म्हणून झोपली. संध्याकाळी मी एकट्यानं सगळा पेपर सोडवला. सोपा होता! यातलं तिला न येण्यासारखं एकही नाही. जिल्ह्यात पहिली येणार. फ्लेक्सवर काय लिहायचं ते मात्र अडचणीचं आहे. आपला ब्रँड गुणांच्या विरोधात.

२८ एप्रिल

नापास.

बाकी सगळ्या विषयांत पहिल्या वर्गाचे गुण आणि गणितात नापास. माझी पोरगी. गणितात.

तीनदा नंबर टाकून पाहिला.

२९ एप्रिल

काल नको ते बोललो. इथं लिहीत नाही. ती नुसती माझ्याकडे पाहत होती, कशाची तरी वाट पाहिल्यासारखी. त्यानं मला आणखीच चीड आली.

सकाळी अनुराधा तिला घेऊन सौंसरला भावाकडे गेली. मीच म्हटलं जा. शेजारी विचारत होते, सांगितलं की नागपूरला स्पर्धा परीक्षेच्या तयारीला गेली. लोकांना काय, चघळायला विषय पाहिजे.

३ मे

यंदाच्या सत्काराची तयारी. अक्षयला धनश्रीचा निकाल कळला, अनुराधानंच सांगितलं असणार. त्याचे डोळे चमकले. "मामा! धनश्रीला स्टेजवर आणा! नापासांचे सर स्वतःच्या पोरीचा सत्कार करतात! पेपरवाले रांग लावतील!"

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, माझ्या पोरीचा तमाशा करायचा का गावापुढे?

तो म्हणाला, "तमाशा? मग वर्षभर आपण काय करून राहिलो, मामा?"

चहाचा कप त्याच्यापुढून उचलून आत नेऊन ठेवला.

१० मे

सत्कार झाला. मागच्या वर्षीपेक्षा मोठा. या वेळी पोरं लाजली नाहीत. नवे कपडे घालून आली होती, काहींनी मेहंदी काढली होती. एकेकाला जवळ घेतलं, पाठीवर हात ठेवला. आता हात बरोबर पडतो. "घाबरू नको, मी आहे" असं प्रत्येकाला म्हणालो. एक पोरगी गळ्यात पडून रडली, धनश्रीच्याच वयाची. आमदारसाहेबांनी डोळे पुसले. मीही पुसले.

कोणीतरी माइकवरून म्हणालं, "असा बाप सर्वांना मिळो." केवढ्या टाळ्या!

घरी आलो तर घर बंद. कुलूप उघडून अंधारात बसलो थोडा वेळ. त्या माणसाचं वाक्य कानातून जाईना.

१२ मे

अनुराधा सौंसरहून एकटीच आली. हातातली पिशवी खाली न ठेवता बोलली. धनश्रीला सगळी गणितं येत होती. अर्धा पेपर तिनं मुद्दाम कोरा सोडला.

"तिला वाटलं, नापास झाली की तुम्ही तिलाही जवळ बसवून घ्याल."

गावभर फ्लेक्स लावले मी. खरे मानले तिनं एकटीनं. सौंसरला निघालोय.