रेडिएटर भरलेला होता

प्रिय चौदा,

या नावाने तुला आता बाबा आणि मीच हाक मारतो. बाबा गाडीखालून हात बाहेर काढून बारा नंबरचा पाना मागायचे आणि तू दर वेळी चौदाचा हातात ठेवायचास. ते न बघता, नुसत्या बोटांनी ओळखून हसत परत करायचे. ते हसणं मला काल सकाळपासून पुन्हा पुन्हा ऐकू येतंय. मी काल जे पाहिलं ते अजून माझ्या पचनी पडलेलं नाही. फोन केला असता, पण तू मधेच बोलशील, मी अर्धंच सांगेन, आणि त्या अर्ध्याचाच तू अर्थ लावशील. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

बाबांच्या गाडीचं ते इंजिन तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तीन सिलिंडर, आठशे सीसीच्या आतलं, कार्ब्युरेटरवालं. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. बाबा म्हणायचे, हे दोन धातूंचं लग्न आहे. तापलं की एक जास्त फुगतो, दुसरा जागचा हलत नाही, आणि मधे बिचारं गॅस्केट दोघांचं ऐकून घेत बसतं. त्याच्या खोडीही आपल्याला घरातल्या माणसांच्या खोडींसारख्या माहीत. थंडीत चोक ओढल्याशिवाय उठायचं नाही. व्हॉल्व्हची सीलं झिजली की निळा धूर. टायमिंग बेल्ट जुना झाला तर न सांगता रस्त्यात बसणार. आणि फार तापवलं तर गॅस्केट जाणार, रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये उतरणार, आणि ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली की तिला दुधाळ चहाचा रंग. गॅरेज मिस्त्रींच्या हवाली करून बाबा घरी बसले तेव्हा सगळी गिऱ्हाइकं सुटली, ही एक गाडी राहिली. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवायची, उजेडात धरायची, मगच किल्ली लावायची. ताप असला तरी हे चुकलं नाही.

आणि आईला त्या गाडीतलं काय कळतं, तर दार. हा आपल्या घरातला जुना विनोद. दारसुद्धा ती इतक्या जोरात आपटते की बाबा डोळे मिटून घेतात.

वर्षभर बाबाच तुझ्या भाचीला शाळेत सोडत होते. मला सकाळची घाई, त्यांना काम हवं होतं. आई शेजारच्या सीटवर. तेवढीच हवा लागते म्हणायची. तिच्या तोंडाचा पट्टा सारखा चालू: डावीकडून सायकल येतेय, उजवीकडे तो म्हातारा बघा, अहो टेम्पो वळतोय. भाची घरी येऊन नक्कल करायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. मी एकदा बाबांना म्हटलंही, तुमच्या गाडीला हॉर्नची गरज नाही. ते हसले नाहीत. मला वाटलं, ऐकलं नसेल.

गेल्या महिन्यात आईचा गुडघा सुजला. हळूहळू चालते, पण त्या गाडीत गुडघा छातीशी घेऊन बसावं लागतं, ते तिला जमेना. बाबा म्हणाले, तू राहा घरी, आम्ही दोघं जाऊ. दुसऱ्याच सकाळी पट्टीवर दुधाळ चहा. बाबांनी गाडी सुरूच केली नाही. गॅस्केट गेलं, म्हणाले. मिस्त्रींना हाताशी घेऊन स्वतः हेड उतरवलं, नवं गॅस्केट घातलं, ऑइल बदललं. मिस्त्री जुनं गॅस्केट उलटंपालटं करून पाहत होते. म्हणाले, मालक, हे तर अजून दहा वर्षं गेलं असतं. बाबांनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावलं. मिस्त्री, तुमचा चष्मा बदला, एवढंच बोलले. तू फोनवर हे ऐकलंस तेव्हा म्हणालास, असलं जुनं हेड पुन्हा टिकायचं नाही, मी दुसरं इंजिन शोधतो. बाबा म्हणाले, बघ, घाई नाही. तुला ती हौस वाटली. मलाही.

गाडी परवाच जुळून तयार झाली होती. काल सकाळी भाचीचं दप्तर त्यांच्याकडे राहिलं होतं म्हणून मी लवकर गेले. नुकतं उजाडलं होतं. शेडचं दार अर्धं उघडं. आत बॉनेट वर, आणि आपली आई, एका हाताने मडगार्डाला धरून, सुजलेला पाय जरा उचलून, ऑइलच्या तोंडात चहाच्या किटलीने पाणी ओतत होती. धार बारीक. एक थेंब बाहेर नाही. ओतून झाल्यावर तिने तोंडाची कड फडक्याने पुसली, बाबा पुसतात तशीच गोल, झाकण बसवलं, पिळलं, आणि बॉनेट अलगद खाली घेतलं. आपल्या आईने. अलगद. मी दारात उभी होते. पहिल्यांदा मनात आलं ते सांगू? आईचं डोकं फिरलं. तिने मला पाहिलं. दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, ओरडू नकोस, ते उठतील.

स्वयंपाकघरात तिने किटली विसळली, तिच्यातच चहाचं आधण ठेवलं आणि सांगितलं. बाबांना काचबिंदू आहे. नजर कडांकडून आत आक्रसत चालली आहे. समोरचं दिसतं, पट्टी दिसते, पेपर वाचतात. बाजूचं काही नाही. डॉक्टरांनी थेंब दिलेत. राहिलंय ते राहील, गेलं ते येणार नाही. आपल्याला सांगितलं होतं की चष्म्याचा नंबर वाढला. म्हणजे वर्षभर ती जे बोलत होती ती बडबड नव्हती. तो त्यांचा डावा आणि उजवा डोळा होता. आणि आपण नक्कल करून हसत होतो.

मग तिने गुडघा सुजण्याआधीचं, शाळेच्या दारातलं सांगितलं. पोरगी उतरली, गाडीच्या मागून जाण्याऐवजी पुढून वळली. बाबांना वाटलं ती केव्हाच आत गेली. त्यांनी क्लच सोडला. आई किंचाळली म्हणून ब्रेक लागला. बंपर पोरीच्या दप्तराला टेकला होता. पोरगी हात हलवून निघूनही गेली, तिला काही कळलंच नाही. चौदा, हे मी तीनदा खोडून लिहिलं. मी आईवर ओरडले. माझी मुलगी होती त्या गाडीत, आणि तू गप्प बसलीस? ती म्हणाली, मी होते ना बाजूला. मी म्हटलं, गुडघा सुजला तेव्हा तरी सांगायचंस. तेव्हा ती म्हणाली, तू येऊन त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली असतीस. पोरीसमोर. ऑइल काय, बदलता येतं.

मी विचारलं, आणि पट्टी न बघताच त्यांनी गाडी सुरू केली असती तर? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्या घरात वाढलेच नाही.

तेवढ्यात बाबा उठून शेडकडे गेले. मी मागून गेले. बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, बुडवली, उजेडात धरली. पुन्हा दुधाळ. माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, मी हात पुढे करून रेडिएटरचं झाकण उघडलं. तू ओळखलंसच. गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये उतरलं असतं तर रेडिएटर रिकामा हवा. तो काठोकाठ भरलेला होता. हे बाबांनीच आपल्याला शिकवलंय, आधी रेडिएटर बघ, मग बोल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेमकं समोरून. झाकण माझ्या हातातून घेतलं, जागेवर बसवलं, आणि म्हणाले, हेडला चीर असणार. जुनं झालं. राहू दे. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस इंजिनाबद्दल खोटं बोलला, आणि मला जाणवलं की पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा. त्यांना पहिल्या सकाळपासून माहीत होतं. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, अहो, चहा घेताय ना? ते म्हणाले, आलो. मी त्या दोघांच्या मधे उभी होते आणि मला वाटलं, मी या घरातलं काहीच कधी पाहिलेलं नाही.

आज ती दोघं भाचीला मधे घेऊन शाळेपर्यंत चालत गेली. आई लंगडत, बाबा तिच्या चालीने. मी गॅलरीतून बघत होते. आईचं चालूच होतं, डावीकडे खड्डा, सायकल येतेय. बाबा म्हणाले, दिसतंय मला. आणि तिने सांगितलं त्या बाजूने पाऊल आत घेतलं.

तुझा निरोप काल संध्याकाळी आला, इंजिन मिळालं. तेच मॉडेल, मूळ कार्ब्युरेटर, आवाज शिवणयंत्रासारखा. सोमवारी ट्रकमध्ये चढवतोस, बाबांना न सांगता. म्हणून आज रात्र व्हायच्या आत हे पत्र टाकते आहे. ते इंजिन पाठवू नकोस. ते दारात उतरलं तर बाबांना ते बसवावंच लागेल, ते न बसवणं त्यांना येत नाही. मग त्यांच्याकडे सबब उरणार नाही, आईला किटली पुरणार नाही, आणि दोघांनाही जे बोलायचं नाही ते कुणीतरी सगळ्यांसमोर बोलेल. फोन कर आणि सांग, इंजिन मिळालं होतं, पण उघडलं तर ब्लॉकला चीर निघाली. ते विचारतील, कुठे? तेव्हा अशी जागा सांग जिथे कधीच चीर पडत नाही. ते ओळखतील. आयुष्यभर तू स्वतःच्या नकळत त्यांना चुकीचा पाना दिलास, आता एकदा जाणूनबुजून दे.

तुझीच,
ताई