बाहेरून कुलूप

कुडवा, गोंदिया
४ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना रेणूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की झोपलेली चंचल उठते, म्हणून पत्रच बरं. छोटेलाल भाजी घेऊन गाडीने येतो-जातो, त्याच्याच हाती देते आहे. हिमांशू शाळेत रमला. चंचल माझा जीव खाते, म्हणजे तब्येतीने उत्तम आहे.

एक विनंती आहे. आमगावातून जो कोणी गोंदियाला दवाखान्यात, कोर्टात, खरेदीला निघतो, त्याला तुम्ही सांगता की आमची सून घरीच राहते, तिच्याकडे थांबा. आई, मी घरी असते, पण रिकामी नसते. नागपूरच्या एका प्रकाशकांनी मला संपादनाचं काम करून पाहायला दिलं आहे. एका निवृत्त स्टेशनमास्तरांचं आत्मचरित्र. त्यात त्यांचा सासरा तिसऱ्या प्रकरणात वारतो आणि सातव्यात वरातीत नाचतो. असलं सगळं शोधायचं, लेखकाला न दुखवता विचारायचं, लिखाण वाचण्याजोगं करायचं, हे माझं काम. तेरा तारखेला दुपारी तिथल्या मॅडम माझ्याशी फोनवर बोलून ठरवणार आहेत. जमलं तर वर्षभर पुस्तकं मिळतील, तीही मुलांच्या वेळा सांभाळून. हिमांशूच्या वेळी नागपूरची नोकरी सोडली, त्यानंतर असं काम पहिल्यांदाच हाताशी आलं आहे. मला ते फार हवं आहे.

पण चंचल दुपारी झोपते तेवढाच माझा वेळ, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजते. काल उदारामकाका मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला आले आणि दिवेलागणीपर्यंत बसले. तेवढं लोकांना सांगणं थांबवा.

राग नसावा, लोभ असावा.
तुमची रेणू


आमगाव
७ नोव्हेंबर

चि. सौ. रेणूस दुर्पताबाईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. धान कापून झालं, आता मळणीचा चुरणा चालू आहे. कंबर दुखून राहिली, पण यंदा धान चांगलं उतरलं.

लोकांना सांगू नको म्हणतेस, मग काय सांगू? सून काय करते म्हणून बाया विचारतात. परवा मी म्हटलं, पुस्तकातला मेलेला सासरा शोधते. तर बाया हसून हसून खाली बसल्या. घरी राहायचं आणि घरच्या माणसाला दार उघडायचं नाही, हे कसलं काम? मीही पोरं सांभाळून धानाचा रोवणा केला. अर्थात तेव्हा मी शेतात, बांधीत असायची, कोणी घरी येऊन बेल वाजवत नव्हतं, हे खरं.

आधी कबूल केलेलं तेवढं निभावून ने. मुन्नाची बायको धुरपता तेरा तारखेला धाकट्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेणार. मोठे दोघं दुपारभर तुझ्याकडे राहतील. गरीब पोरं आहेत, टीव्ही लावून दिला की हलत नाहीत. यापुढे कोणाला सांगणार नाही.

योगराजला म्हणावं, राइस मिलमधून कधी वेळ मिळाला तर आईकडेही रस्ता येतो. मुलांना पापा.
तुझी सासू, दुर्पताबाई


आमगाव
१४ नोव्हेंबर

चि. सौ. रेणूस आशीर्वाद. ते मी कधी बंद करत नाही.

धुरपताचं काल जाणं रद्द झालं. पोरं येणार नाहीत हे तुला सांगावं, नवे तांदूळही द्यावेत, म्हणून मीच गाडीत बसली. येऊन पाहते तर दाराला बाहेरून कुलूप. आणि खिडकीत चंचल, गजांना धरून माझ्याकडे पाहून राहिली. पोरीला कोंडून आई गेली कुठे? शेजारच्याकडून लोखंडी सब्बल मागितली आणि कुलूप फोडलं. अख्खी गल्ली जमली. आणि दार उघडलं तर समोर तू, कानात वायरी घालून.

गल्लीतली एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, सासू येते म्हणून लावलं असन जी. तांदूळ ठेवले आणि पाणी न पिता निघाली. मला पाहून दार लावण्याइतकी मी कधी तुला जड झाली, ते सांग.

दुर्पताबाई


कुडवा
१६ नोव्हेंबर

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रागावलात आणि मला रडू येतं आहे, पण त्याआधी मी चिडले आहे, ते वाचून घ्या.

कुलूप तुमच्यासाठी नव्हतं. ते उदारामकाकांसाठी, पार्सलवाल्यासाठी, धुरपताच्या पोरांसाठी, सगळ्या जगासाठी होतं. आठवडाभर हेच करते आहे. समोरची रुचिका कुलूप लावून किल्ली घेऊन आपल्या पार्लरमध्ये जाते. बाहेर कुलूप दिसलं की लोक परत जातात. घरात बाई काम करते हे कोणी मानत नाही, घरात बाईच नाही हे लगेच मानतात. पोर घरात असताना असं करणं मूर्खपणा होता, हे यांनी मला ऐकवलं आहे, तुम्ही नको.

त्या दिवशी मॅडमचा फोन चालू होता. माझ्या घरी काम करायला पूर्ण शांतता असते, असं मी त्यांना सांगतच होते की सब्बलीचा पहिला घाव पडला. मी दारामागून ओरडले, आई, मी आत आहे, रुचिकाकडे किल्ली आहे. गल्लीने ऐकलं, नागपूरने ऐकलं, तुम्हालाच ऐकू गेलं नाही.

मॅडमनी विचारलं, तुमच्याकडे दरोडा पडला आहे का. काम त्यांना आवडलं आहे, पण आता विश्वास वाटत नाही. सोमवारी, चोवीस तारखेला, पुन्हा बोलणार आहेत आणि मग शेवटचं सांगणार. तोवर उरलेली प्रकरणं द्यायची आहेत. कुलूप तर मोडलं. बेल सकाळपासून चालू आहे.

तुम्ही जड नाही, आई. तुम्ही पाणी न पिता गेलात, ते मात्र फार जड झालं.

तुमचीच
रेणू


आमगाव
१८ नोव्हेंबर

चि. सौ. रेणूस अ. उ. आ.

पत्र वाचून रात्री जेवण गेलं नाही. तू ओरडलीस आणि मला ऐकू आलं नाही, याचं वाईट वाटतं. पण घरात बाईच नाही हे लोक मानतात, हे तू लिहिलंस, त्याने जास्त लागलं. मी बांधीत जायची तेव्हा मला कोणी अडवलं नाही. तुला घरात बसून बांधीत जाता येत नाही, आणि लोकांना तुझ्या दाराशी पाठवणारी मीच.

चुरणा आटोपत आला, राहिलेलं बाकीचे पाहतील. शनिवारच्या गाडीने येते. कुलूप मी फोडलं, आता कुलपाच्या जागी मीच ओट्यावर बसते. चंचल माझ्याजवळ खेळेल. बेल काढून ठेव. उदाराम पत्रिका घेऊन येवो की धुरपता पोरं घेऊन येवो, किती वेळ काय सांगायचं ते सांगू दे. मला ऐकूच येणार नाही. इतकी वर्षं या कानांचा मला त्रासच झाला, आता तुझ्या कामी येऊ दे.

तू आत तुझ्या पुस्तकातल्या सासऱ्याला शोध. सोमवारी बाईंना सांग की घरी शांतता आहे.

आणि योगराजला आधीच सांगून ठेव, दुपारी चहा मागायला आला तर त्याचंही मला ऐकू येणार नाही.

तुझी
दुर्पताबाई