मुलीकडचे मामा

तांबरम, चेन्नई
१८ सप्टेंबर २००६

सौ. कमलिनी विहीणबाईंना काशिनाथचा साष्टांग नसला (कंबर अडते) तरी मनापासून नमस्कार. ऑपरेशननंतर गुडघा काय म्हणतो? व्याही पथ्य पाळतात की अजून चोरून लोणचं खातात? निधी बरी आहे. वेळेवर जेवते, ऑफिसला जाते, आणि काल तर टीव्ही बघताना चक्क हसली. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आधी तुम्ही रडता, मग मी, आणि मुद्द्याचं राहून जातं.

मुद्दा असा, की आपल्या निधीसाठी वकील मिळाला. यश सिंगापूरहून 'मला वेगळं व्हायचंय' एवढं कळवून मोकळा झाला. मुलगा माझा, पण मी निधीच्या बाजूचा. तुम्हाला हे ठाऊक आहे, वकिलांना पटवताना मात्र नाकी नऊ आले. निधीच्यानं वकिलांच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून मी एकटाच निघालो. मैलापूरच्या पहिल्या वकिलांना मी माझ्या तमिळमध्ये 'डिवोर्स वेणुम' म्हणालो, म्हणजे घटस्फोट हवाय. (कुणाला हवाय, इथवर माझं तमिळ पोचत नाही. ते भाजी आणि रिक्षापुरतंच आहे.) त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, पंखा वाढवला, पाणी दिलं आणि इंग्रजीत म्हणाले, या वयात कसलं भांडण, बायकोची समजूत घाला आणि तिला घरी परत आणा. हिला जाऊन किती वर्षं झाली, विहीणबाई! आणता आली असती तर आणली नसती का? मग कपालीश्वराच्या तळ्याच्या पायऱ्यांवर जरा वेळ बसून राहिलो. दुसरा वकील त्या दिवशी शोधवला नाही.

शेवटी आमच्या शेजारच्या कनकामामींनी त्यांच्या ओळखीच्या कृष्णवेणी वकिलांना फोन केला, 'मुलीचे मामा येताहेत.' इकडे सासऱ्यालाही मामाच म्हणतात (आपल्याकडे जुन्या सुना मामंजी म्हणायच्या, तसंच). कृष्णवेणीबाईंनी मात्र आईचा भाऊ धरला! बाई तंजावरच्या मराठी, बोलणं जुन्या बखरीसारखं. मुलीचा मामा म्हणून मला मानाची खुर्ची दिली, फिल्टर कॉफी मागवली आणि म्हणाल्या, "मामा, पहिलें त्या सासऱ्यास धरूं. नवऱ्याहून तोच वाईट असतो." मी एक घोट घेतला. कॉफी फार चांगली होती.

"माणूस कसा तो?"

"तसा बरा आहे," मी म्हणालो, "पण रेडिओ मोठ्यानं लावतो."

"सोसूं नका! राहतो कुठें?"

"निधीच्याच घरी."

"अय्यो! अजून घरांत? आजच बाहेर काढा त्यास!"

तेव्हा मात्र कप खाली ठेवून सांगावं लागलं, की तो मीच.

बाई इतक्या हसल्या, की कारकून दार उघडून बघून गेला. मग त्यांनी डोळे पुसले, ते नुसत्या हसण्यानं भरलेले नव्हते. केस त्यांनी घेतली. दोघांच्या संमतीनं होईल, निधीला फार फेऱ्या पडणार नाहीत. निघताना मी सहज विचारलं, निकालानंतर माझं आणि निधीचं नातं काय? "कायद्यानें कांहीं उरत नाहीं, मामा," म्हणाल्या, आणि त्यांनीच मान खाली घातली. मांबलम स्टेशनवर तांबरमची गाडी समोरून निघून गेली तरी मी बाकावरच. वाईट वाटलं हो. फार वाटलं.

असो. पोरीच्या वाटेत म्हातारा कशाला? दिवाळीआधी मिरजेला माझ्या घरी परतावं म्हणतो. एवढंच कळवायचं होतं.

आपला (तूर्त तरी व्याही)
काशिनाथ

ता. क. परततो म्हणालो, तर निधीनं माझी बॅग माळ्यावर टाकली, माझा हात पोचणार नाही अशी. या पत्राचं तिला ठाऊक नाही.

आणखी ता. क. एवढंच कळवायचं नव्हतं. तुम्हाला भाऊ नाही. यंदा भाऊबीजेला मी सांगलीला तुमच्याकडे येऊ का? उभ्या राहू नका, बसूनच ओवाळा. सासऱ्याचं नातं कोर्टात मोडतं. आईच्या भावाचं मोडायला कायद्यात कलमच नाही, कृष्णवेणीबाईंना मी फोन करून विचारून घेतलंय.