चपलांपाशी बसलेले बाबा

डंडॉक, आयर्लंड, जुलै २००५, शुक्रवार

बाबा गेल्यापासून दादाचा पुण्याहून रोज फोन. आजही तेच. तेराव्याला हार घालायला बाबांचा फोटो हवा, चेहरा नीट दिसणारा. पासपोर्टवरच्या फोटोत ते बाबा वाटतच नाहीत म्हणे. "गेल्या उन्हाळ्यात तुझ्याकडे आले होते, तेव्हाचे असतील ना गं?"

आहेत की. ब्लॅकरॉकच्या समुद्रावरचे ढीगभर आहेत. आई आहे, तिचा जावई मंदार आहे, स्वेटर घालून हसणारी मी आहे. बाबा नाहीत. ते आमच्या चपला सांभाळत बसले होते. "इथे कोणी नेत नाही हो," म्हटलं होतं मी. "असू दे, तुम्ही जा."

मला आठवा महिना, विमानात घेत नाहीत. घरात बसवेना म्हणून लायब्ररीत गेले, तर भिंतीवर जुने फोटो लावलेले. इथलीच कुटुंबं, उन्हाळ्यात वाळूवर बसलेली. एकात बुटांच्या ढिगाशेजारी कुणाचे तरी आजोबा, थेट कॅमेऱ्याकडे बघत. कुणीतरी त्यांना हाक मारली असणार. मला रडू आवरेना. तिथली बाई म्हणाली, "सिट डाउन, लव्ह. यू'र ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे ठीकठाक. कसली ग्रँड!

घरी येऊन पुन्हा सगळे फोटो चाळले. एकात बाबा सापडले. आमच्या मागे, चपलांपाशी, समुद्राकडे तोंड करून बसलेले. मंदार म्हणतो, हाच मोठा करून पाठवू.

पाठीला हार कसा घालायचा?