रंगीचा फोटू आणि हौसाची नजर

प्रिय आक्का,

सगळ्यात आधी कोण आलं सांगू? ढोरांच्या डॉक्टरची जीप अजून वेशीत शिरायची हुती, आणि आपल्या गोठ्याच्या तोंडाशी हौसा उभी! व्हय, शेजारची हौसाच! इतकी वर्सं जिनं आपल्या अंगणात पाय टाकला न्हाय, ती. तुमच्या मातीलासुद्धा रस्त्यावरच उभी राहून, पदरानं डोळं पुसून गेली हुती.

म्हणून तर लिहायला बसले. आपली संगी म्हणत हुती, "आज्जी, तू सांग, मी कंप्युटरवर टाइप करते." म्हटलं, न्हाय बाई, जावेला जावेनंच लिहावं. मी दुसरी शिकलेली, अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत. पण तुम्हाला तरी कुठं वाचता येत हुतं? चुका काढणार कोण!

आक्का, तुम्ही जाताना एवढंच म्हणालात, "रंगीला जप." आणि पाडवा झाला तशी रंगी वैरणीला तोंड लावंना. बरगड्या वर आल्या, जबड्याखाली पाण्याच्या पिशवीगत सूज. अगदी तिच्या आज्जीसारखी, आपल्या चंद्रीसारखी! तुमचा शेवटचा शब्द, आणि मी म्हैस घालवून बसणार?

आठवतंय न्हवं चंद्रीचं? हौसा ताक न्यायला आली आणि म्हणाली, "काय देखणी म्हैस गं!" म्हैना न्हाय झाला तर चंद्री गेली. अख्ख्या गल्लीसमोर तुम्ही तिला बोललात, "तुझीच नजर लागली. परत माझ्या दारात दिसू नको." ती आल्या पावली वळली. तांब्या आपल्याकडंच राह्यला. अजून हाय.

आता नवल ऐका. तुम्ही गेल्यावर दूध संस्थेच्या खोलीत कंप्युटर आलाय. संगी बारावी झाली, तीच चालवते. पोरींना शिकवते, उसाची, भाताची माहिती काढून देते. खुर्चीवर बसते वं, आणि बाप्ये समोर उभं असत्यात! बघायला तुम्ही पाहिजे हुता.

तालुक्याचा ढोरांचा डॉक्टर बदलून गेला, नवा आलाच न्हाय. संगी म्हणाली, "फोटू काढून कोल्हापूरच्या डॉक्टरला पाठवू." म्हटलं, फोटू यष्टीनं जाणार, पत्र पोस्टानं येणार, तवर म्हैस ऱ्हाती व्हय? ती हसली. "आज्जी, फोनच्या तारेतनं जातोय."

फोटू म्हटल्यावर तसाच काढायचा का? मी रंगीला घासून धुतली. शिंगांना तेल, कपाळाला कुंकू, शिंगात मोरपीस, आणि तुम्ही पाडव्याला घालायचा तो रुंद कवड्यांचा पट्टा गळ्यात चढवला. नवरीच दिसाय लागली! संगीनं कॅमेऱ्यानं फोटू काढला. त्यात फिल्लमच नसती म्हणं.

जवाब आला. संगीनं वाचला, "म्हैस देखणी आहे. पण आजार काय ते दिसत नाही."

देखणी! धावत घरी गेले, मीठ-मिरच्या आणल्या आणि कंप्युटरवरनंच ओवाळायला लागले.

"आज्जी! मशिनीत मीठ जाईल!"

"जाऊ दे! देखणी म्हणतोय मुडदा!"

"अगं, सूज तूच झाकलीस की पट्ट्याखाली!"

खरंच की वं! दुसरा फोटू बिनदागिन्यांचा काढला, सूज दिसंल असा. आणि धारा काढायच्या आत जवाब! डॉक्टरनं इचारलं, पाणी कुठं पाजता, तळ्याकाठी चारता का, तिथं गोगलगायी हायत का? कोल्हापुरात बसलेल्या माणसाला आपलं तळं कसं दिसलं, आक्का? मग पडद्यावर चित्रं आली. त्या गोगलगायींतनं गवतावर बारीक किडं येत्यात, गवताबरोबर पोटात जात्यात, काळजात, डॉक्टरच्या भाषेत यकृतात, पानासारखी चपटी वाढत्यात, आणि जबडा सुजतो. औषध सांगितलं, तळ्यावर न्यायचं बंद करा म्हणाला. संगीचा बाप औषध घेऊन आला.

रंगी आता वैरण मागून खाती. सूज गेली.

पण त्या चित्रासमोर मला चंद्रीच दिसत हुती. तळ्याकाठचं हिरवं गवत दुधाला चांगलं, म्हणून तुम्हीच तिला न्यायच्या की वं! तुम्हाला काय ठावं, मला तरी काय ठावं. पण मग हौसाची नजर कुठं गेली? त्या बाईनं तर नुसतं कौतुक केलं हुतं!

गोगलगायीची गोष्ट संगीनं गावभर सांगितली. ती हौसाच्या कानावर गेली, आणि डॉक्टर जीपनं रंगीला बघाय येणार त्या दिवशी ही सगळ्यांच्या आधी हजर. मी म्हटलं, "आत ये की गं." पाऊल उचलंना. म्हणाली, "तुझ्या शब्दावर येत न्हाय. ज्या तोंडानं नको म्हटलं, त्या तोंडानं ये म्हटलेलं ऐकायचं हुतं. आक्कानं लई घाई केली जायची."

का वं केलीत घाई? एवढी गंमत बघून जायचं हुतं की!

डॉक्टर आला, रंगीला तपासली, खूश झाला. पुन्हा येऊन सगळ्या गावाची ढोरं बघतो म्हणाला. हौसा तवर उंबऱ्याबाहेरच.

तर आक्का, वचन देते. डॉक्टर पुन्हा येईल त्या दिवशी, सारी गल्ली जमली की, तुमच्या नावानं मी मोठ्यांदा सांगणार, "हौसा, आमच्या आक्काचं चुकलं, आत ये." तिचा तांब्या घासून ताकानं भरून ठेवणार. मग रंगीम्होरं उभी करून सगळ्यांदेखत तिला म्हणायला लावणार, "काय देखणी म्हैस गं!" आणि मी मिठाला हात लावणार न्हाय. रागावू नका. रागावलात तरी चालंल.

डॉक्टर येत्या गुरुवारी येतो म्हणालाय.

तुमची धाकटी जाऊ,
शेवंता